पुणे ते नागपूर: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि घरून निघायचं कधी

नागपूरच्या मावशीला मी आजवर तीन वेगवेगळी अंतरं सांगितली आहेत आणि तिन्ही खरी आहेत. विमानाने गेलो तर पुणे-नागपूर साधारण ६०५ किलोमीटर. गाडी काढली तर सातशे-सव्वासातशे. आणि वंदे भारतने गेलो तर ८८१. मावशीचं म्हणणं एकच, शहरं तर जागची हलली नाहीत, तेव्हा तुझंच काहीतरी चुकतंय.

चुकत कुणाचंच नाही. रेल्वे आधी दौंडकडे जाते, तिथून वर वळून नगर, कोपरगाव, मनमाड गाठते, मग जळगाव-भुसावळ करून अकोला, बडनेरा, वर्धा. थोडक्यात, विदर्भात शिरायला आधी खानदेश पालथा घालायचा. रस्ता त्या मानाने सरळ आहे: नगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी. विमान तेवढं नाकासमोर जातं, तेही जवळजवळच.

नेटवर ‘पुणे ते अमुक अंतर’ शोधलं की यातलाच कुठला तरी एक आकडा येतो आणि त्याच्या शेजारी विमानाचा वेळ. तो वेळ बघून माणूस घरून निघायचं ठरवतो. मीही ठरवलं होतं. संध्याकाळी ५:५५ चं विमान, घर कोथरूडला, हातात दिवाळीच्या फराळाची एक जड बॅग. सव्वा तासाचा तर प्रवास, म्हणून आरामात ३:५० ला निघालो. विमानतळावर पोचलो तेव्हा ५:०२ झाले होते. बॅग घेण्याचं काउंटर ४:५५ ला बंद झालं होतं. विमान अजून समोर उभं होतं, आणि मी फराळाच्या बॅगेसकट नगर रोडवर रात्रीची ट्रॅव्हल्स शोधत होतो. साडेसातला बसलो, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नागपूर.

तेव्हापासून मी हिशेब उलटा मांडतो, पोचायच्या वेळेपासून मागे. उदाहरण नागपूरचं घेतलंय, पण दिल्ली, गोवा, दुबई, कुठल्याही दोन शहरांना हीच रीत लागू पडते.

पायरी १: कुठून कुठे, ते आधी ठरवा

शहरांमधलं अंतर सांगणारी बहुतेक पानं शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात. विमान मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंत उडतं. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे आणि नागपूरचा सोनेगावला, त्यामुळे इथे फार फरक पडत नाही. पण गोव्याचं तिकीट काढताना हीच चूक महागात पडते. गोव्यात दोन विमानतळ आहेत, जुना दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला पेडण्यातला मोपा. पुण्याहून दोन्हीकडे उडायचा वेळ जवळपास सारखा. पण मुक्काम काणकोणला आणि तिकीट स्वस्त म्हणून मोपाचं काढलं, तर अख्खा गोवा उत्तरेकडून दक्षिणेकडे टॅक्सीने ओलांडावा लागतो. वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेतो, वर दोन-अडीच तास जातात ते वेगळेच.

म्हणून तिकिटावर शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा. पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी. दिल्लीला कोड एकच, डीईएल, पण टर्मिनल तीन. तिकडे टर्मिनलचा आकडाही बघायचा, कारण टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ मध्ये चालत जाण्यासारखं अंतर नाही.

पायरी २: हवाई अंतर स्वतः काढा

सोपा मार्ग असा की मोबाइलच्या नकाशात पुणे विमानतळावर बोट दाबून धरायचं, अंतर मोजण्याचा पर्याय निवडायचा आणि नकाशा नागपूरच्या धावपट्टीपर्यंत सरकवायचा. आकडा समोर येतो.

पण एकदा हाताने करून बघा. शाळेतला पायथागोरस इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कामी येतो.

पुणे विमानतळ अंदाजे १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.५१. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे आपण २७९ किलोमीटर जातो. रेखांशांतला फरक ५.१३. इथे थोडी मेख आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येतात, म्हणून १११ ला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. पुणे-नागपूरच्या पट्ट्यात तो आकडा ०.९४ येतो. ५.१३ गुणिले १११ गुणिले ०.९४ म्हणजे ५३५ किलोमीटर पूर्वेकडे. आता दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमूळाचं बटण दिसतं. उत्तर ६०३. नकाशा ६०५ दाखवतो. दोन किलोमीटरची चूक म्हणजे विमानाची आठ-नऊ सेकंद, तेव्हा हरकत नाही.

दिल्लीचं याच पद्धतीने केलं, कोसाइन ०.९२ धरून, तर ११५६ येतं. मुंबईचं केलं तर १२४. देशातल्या देशात ही रीत पुरते. लंडन-न्यूयॉर्कसाठी वापरू नका, तिथे पृथ्वी गोल असल्याची आठवण ठेवावी लागते.

वैमानिक लोक किलोमीटर वापरत नाहीत, त्यांचा सागरी मैल असतो, १.८५२ किलोमीटरचा. एखाद्या ठिकाणी पुणे-दिल्ली ६२५ असा आकडा दिसला तर ते किलोमीटर समजून खूश होऊ नका.

पायरी ३: किलोमीटरची मिनिटं करा

माझा ठोकताळा असा: हवाई अंतराला १४ ने भागा आणि ३० मिळवा. उत्तर मिनिटांत.

एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे मिनिटाला जवळपास १४. हा झाला भागाकार. वरची ३० मिनिटं म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत रांगणं. मार्ग एखाद दुसऱ्या ठिकाणी वाकडा होतो तोही यातच धरा.

नागपूर: ६०५ भागिले १४ म्हणजे ४३, अधिक ३०, एक तास तेरा मिनिटं. दिल्ली: ८३ अधिक ३०, एक तास त्रेपन्न. तिकिटावर नागपूरला साधारण एक तास वीस ते तीस आणि दिल्लीला दोन तास दहा ते वीस लिहिलेलं असतं. फरक कुठून आला ते पुढच्या पायरीत.

छोटं पंख्याचं विमान, एटीआर ७२ असेल तर १४ च्या जागी ८ धरा. ते ताशी ५०० च्या घरात जातं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो कुणी वाचत नाही.

आता एक गंमत. विमान पस्तीस हजार फुटांवर असेल तर ते मुक्कामाच्या जवळजवळ १९५ किलोमीटर आधीच खाली यायला लागतं. वैमानिकांचा साधा नियम आहे, हजार फुटांना तीन सागरी मैल. चढायलाही दोनेकशे किलोमीटर लागतात. म्हणजे ६०५ पैकी जवळजवळ चारशे किलोमीटर चढण्या-उतरण्यातच गेले, पूर्ण वेगाने सपाट उडणं उरलं जेमतेम दोनशे, पंधरा मिनिटांचं. त्यात दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा. म्हणूनच या मार्गावर कपातले पोहे मागवू नयेत. ट्रॉली तुमच्या ओळीपर्यंत येते, कपात गरम पाणी ओतलं जातं, झाकण लावून काही मिनिटं थांबायला सांगतात, आणि झाकण उघडताय तोवर खुर्ची सरळ करा, टेबल बंद करा अशी घोषणा होते. मी ते पोहे एकदा अर्धे कच्चे खाल्ले आहेत. नागपुरात तर्री-पोहे मिळत असताना हे करायची खरं तर गरजही नाही.

पायरी ४: तिकिटावरचा वेळ वाचायला शिका

तिकिटावर निघायची वेळ १०:४० असते तेव्हा विमान १०:४० ला हवेत नसतं. त्या वेळी ते जागचं हलायचं असतं. चाकांना लावलेले ठोकळे काढले की घड्याळ सुरू होतं, दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहून ठोकळे लागले की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावरच्या एक तास पंचवीस मिनिटांत प्रत्यक्ष हवेतला वेळ तासाभराचाच असतो.

विमान कंपन्या यात दहा-पंधरा मिनिटं खुशाल जास्तीची घालतात. आपल्याकडे वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरतात. त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान वेळेत कसं पोचलं याचं कौतुक करण्याआधी ती जास्तीची मिनिटं आठवा. लबाडी म्हणा हवं तर, पण तुमच्या पुढच्या गाडीच्या दृष्टीने ती फायद्याचीच.

याच वेळेला आणखी एक अर्थ आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमांत तुमचा हक्क या ब्लॉक टाइमवर ठरतो. अडीच तासांपर्यंतचं विमान दोन तास किंवा जास्त रखडणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. नागपूर आणि दिल्ली दोन्ही यात बसतात. विमान रद्द झालं, किमान चोवीस तास आधी कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर भरपाई एक तासापर्यंतच्या विमानाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे नागपूरवाला ७,५०० च्या खणात, दिल्लीवाला १०,००० च्या. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण असेल तर यातलं काही नाही. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा ‘ब्लॉक टाइम’ हे दोन शब्द शांतपणे उच्चारून बघा, समोरच्याचा सूर बदलतो.

‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान थेटच जाईल असंही समजू नका. वाटेत एका शहरात उतरून त्याच क्रमांकाने पुढे जाणारं विमानही डायरेक्ट असतं. थेट हवं तर ‘नॉनस्टॉप’ बघा.

पायरी ५: वारा, धुकं आणि लोहगाव

हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वाऱ्याचा झोत वाहतो. पुण्याहून नागपूर ईशान्येकडे, बरंचसं पूर्वेला कललेलं. त्यामुळे जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. समजा वर ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. जाताना त्यातला ८८-८९ चा रेटा पाठीमागून मिळतो, येताना तेवढाच अडवतो. सगळा प्रवास त्या उंचीवरून झाला असता तर दोन्हींत नऊएक मिनिटांचा फरक पडला असता. प्रत्यक्षात चढण्या-उतरण्यामुळे त्याहून कमी. दिल्ली जवळजवळ सरळ उत्तरेला असल्यामुळे तिकडे हा वारा आडवा लागतो आणि मिनिटांत फार फरक करत नाही. जाताना आणि येताना तिकिटावरचा वेळ वेगळा का, याचं निम्मं उत्तर या वाऱ्यात आहे. उरलेलं निम्मं, उतरायच्या विमानतळावर किती गर्दी आहे त्यात.

धावपट्टीची दिशाही चार-पाच मिनिटं खाते. लोहगावची पट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पूर्वेचा असला की विमान वाघोलीच्या बाजूला झेपावतं, म्हणजे नागपूरच्याच दिशेने. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा विश्रांतवाडी-दिघीच्या अंगाने उड्डाण करून मग वळसा घ्यायचा.

लोहगावची खरी गोष्ट वेगळीच. हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. पट्टी एकच, तीवर सुखोईही उडतात आणि आपणही. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर आपलं विमान इंजिन सुरू करून रांगेत थांबतं. खिडकीतून सुखोई दिसलं तरी फोन बाहेर काढू नका, तळावर फोटोला मनाई आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टीच्या कामासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद होता. पर्यायी पट्टी नसणं म्हणजे काय ते पुणेकरांना तेव्हा कळलं. असं काम निघालंय का, ते सुट्टीचं तिकीट काढण्याआधी एकदा बघावं.

धुक्याचं गणित बहुतेकांना कोड्यासारखं वाटतं. पुण्यात लख्ख ऊन, नागपुरात लख्ख ऊन, आणि विमान तीन तास उशिरा. कारण तेच विमान सकाळी दिल्लीहून यायचं असतं, आणि दिल्ली डिसेंबर-जानेवारीत धुक्यात गुरफटलेली असते. विमान दिवसभर रिक्षासारखं या गावाहून त्या गावाला फिरत असतं. सकाळी वीस मिनिटं गेली की रात्रीपर्यंत त्याचे दोन तास होतात. म्हणून हिवाळ्यात शक्य असेल तर पुण्यात रात्री मुक्कामाला असलेलं विमान सकाळी पहिल्यांदा निघतं, ते घ्यावं.

पायरी ६: जमिनीवरचा हिशेब

आता मुख्य काम. मावशीकडे धरमपेठेत दुपारी एकला जेवायला बसायचं आहे. मागे मागे येऊ.

सोनेगावहून धरमपेठ २५ मिनिटं. विमानातून उतरणं, पट्ट्यावरून बॅग घेणं, ३० मिनिटं. म्हणजे तिकिटावर पोचायची वेळ १२:०५ किंवा आधीची हवी. उडण्याला १:२५ दिले की सुटायची वेळ १०:४०. बॅगेचं काउंटर तासभर आधी, ९:४० ला बंद. रांगेचा अर्धा तास धरला तर ९:१० ला टर्मिनलच्या दारात. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी कोथरूडहून लोहगाव ८० मिनिटं. म्हणजे घराला कुलूप ७:५० ला.

७:५० ते १:००, पाच तास दहा मिनिटं. ६०५ किलोमीटरला पाच तास दहा मिनिटं म्हणजे ताशी ११७ चा वेग. समृद्धीवर मोटारीला १२० ची परवानगी आहे. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं होतं.

या पाच तासांतली हवेतली मिनिटं तुमच्या हातात नाहीत. जमिनीवरची आहेत.

बॅग नसेल तर निम्मी लढाई जिंकली. सात किलोंची हातातली बॅग आणि मोबाइलवर बोर्डिंग पास असेल तर काउंटरची वेळ तुम्हाला लागू नाही, गेट बंद व्हायची वेळ लागू. ती साधारण २५ मिनिटं आधीची असते, पण तुमच्या कंपनीची वेळ पासवर बघा. पलीकडे उतरल्यावर पट्ट्यापाशी उभं राहणंही वाचतं. पुण्यात डिजियात्रा २०२३ पासून आहे. चेहरा दाखवून दारातून आत जाता येतं, पण नोंदणी घरी करून ठेवा, रांगेत उभं राहून आधारचा ओटीपी शोधू नका.

फराळ नेणाऱ्यांसाठी एक सूचना. लाडू, चकली, शंकरपाळे हातातल्या बॅगेत चालतात. लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा मात्र सुरक्षा तपासणीत काढून ठेवू शकतात. ते काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाका, किंवा मावशीला सांगा की यंदा तूप तिकडचंच.

लोहगावला पोचायचं कसं, हा पुण्यात वादाचा विषय आहे. कोथरूड, डेक्कनकडून येणाऱ्यांना मी मेट्रो सुचवतो. वनाज ते रामवाडी ही सगळी मार्गिका २०२४ च्या मार्चपासून चालू आहे. रामवाडीला उतरून रिक्षाने चार-पाच किलोमीटर. मेट्रोला गुंजन चौकातला सिग्नल लागत नाही, हेच तिचं भांडवल. पिंपरी किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. अडचण दोनच. सकाळी सहाच्या आधी मेट्रो नाही, आणि दोन मोठ्या बॅगा, आजी आणि लहान मूल असेल तर मुकाट्याने टॅक्सी करावी. टॅक्सीने जाताना नगर रोड, विमाननगर तुंबलं असेल तर येरवड्याहून ५०९ चौकाकडून येणारा रस्ता बघा. आणि हिंजवडीहून संध्याकाळी निघणार असाल तर दीड-दोन तास धरा. जास्त वाटतील, धरा.

नवीन टर्मिनल २०२४ च्या जुलैपासून वापरात आहे. जागा भरपूर झाली, त्यामुळे आतलं चालणंही वाढलं. त्यासाठी दहा मिनिटं सोडा. कुणी सोडायला येणार असेल तर दारातला निरोप आटोपशीर ठेवा, मागच्या गाडीचा हॉर्न आणि शिट्टीवाला सुरक्षारक्षक दोन्ही तयारच असतात.

पायरी ७: विमान, रेल्वे की गाडी

विमानाच्या दोन्ही बाजूंची जमिनीवरची पावणेचार तास ठरलेली असतात, जवळ जा नाहीतर लांब. दिल्ली नागपूरच्या जवळजवळ दुप्पट लांब, तरी घरापासून मुक्कामापर्यंत सहा तास, म्हणजे फक्त पाऊण-एक तास जास्त. उलट मुंबई १२४ किलोमीटर. तिला विमानाने जाणं म्हणजे तेच पावणेचार तास खर्चून वर तासभर बसणं. तोवर शिवनेरी दादरला पोचून परत यायच्या तयारीत असते.

नागपूरला पर्याय खरे आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत बारा तास घेते, पण दिवसाची आहे, बसून काम करता येतं आणि वाटेत शेगावला थांबते. रात्रीची ट्रॅव्हल्स तेरा-चौदा तास, पण रात्र झोपेत जाते आणि एका मुक्कामाचे पैसे वाचतात. गाडीने समृद्धी धरून अकरा-बारा तास. चार जण असतील तर गाडी स्वस्त पडते, मात्र समृद्धीवर टायर आणि झोप दोन्ही तपासून निघा. सरळ, एकसुरी रस्ता आहे, डोळा लागतो.

माझा हिशेब असा की तीनशे किलोमीटर हवाई अंतराच्या आत विमानाचा विचार करू नये, पाचशेच्या पुढे आधी विमानच बघावं, आणि मधल्या पट्ट्यात विमानतळ मुक्कामापासून किती लांब आहे त्यावर ठरवावं. दिवाळीच्या आठवड्यात हे सगळं बाजूला ठेवा, जे तिकीट मिळेल ते घ्या.

पुण्याहून थेट विमानच नसेल तर मुंबई, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई. चांदणी चौकातून नवी मुंबई विमानतळ शंभर-सव्वाशे किलोमीटर. नकाशा दोन तास म्हणतो. बोरघाटात शनिवारी सकाळी किंवा रविवारी संध्याकाळी त्यावर दीड तास चढवा.

पायरी ८: परदेशी जायचं असेल तर घड्याळ सांभाळा

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. पुण्याहून पहाटे ५:०० ला निघून ६:४५ ला पोचाल असं लिहिलं असेल तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीनचा आहे. माझा ठोकताळा लावा: सुमारे २०५० किलोमीटर, भागिले १४, अधिक ३०, जवळजवळ तीन तास. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर म्हणून वर थोडा आणखी.

आणि अंतर तेच राहून वेळ वाढू शकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा घ्यावा लागला. पुण्याहून दुबई समुद्रावरून जाता येते, त्यामुळे आपल्याला त्याची झळ फारशी लागली नाही.

पायरी ९: त्या दिवशी सकाळी

घरून निघण्याआधी विमानाचा माग दाखवणारं एखादं अॅप उघडा, फ्लाइटरडार२४ सारखं. विमानं आपली जागा रेडिओने सतत सांगत असतात, ती हे अॅप नकाशावर दाखवतं. तुमचा विमान क्रमांक टाकून हे विमान आत्ता कुठे आहे ते बघा. तुमचं १०:४० चं असेल आणि ते विमान नऊ वाजता अजून दुसऱ्याच शहरात जमिनीवर असेल, तर कंपनीचा मेसेज यायच्या आधी तुम्हाला उशीर कळलेला असतो. मात्र त्या भरवशावर घरून उशिरा निघू नका. विमान उशिरा आलं तरी बॅगेचं काउंटर पुष्कळदा मूळ वेळेलाच बंद होतं, आणि हे मी कुठून शिकलो ते वर सांगितलंच आहे.

परतीला हिशेब वेगळा. सोनेगाव घरापासून पंचवीस मिनिटांवर, तिथे रस्त्याची धास्ती नाही. मावशी मात्र जेवल्याशिवाय उठू देत नाही, तेव्हा तिच्यासाठी वेगळी पाऊण तासाची तरतूद ठेवावी लागते. पुण्यात रात्री उतरलात तर अॅपची टॅक्सी एरोमॉलमधून, म्हणजे विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीतून मिळते. बॅग हातात आल्यावरच बुक करा, नाहीतर ड्रायव्हर ‘किधर हो साहब’ विचारत राहतो आणि तुम्ही अजून पट्ट्यापाशी. गेल्या वेळी विमान ९:५० ला टेकलं, मी घरी पोचलो ११:४० ला. मावशीचा फोन दहालाच आला होता, पोचलास का म्हणून.